काकांची वार्षिक शंका

देव नाही हे लोकांना पटवण्यात माझ्या वॉटफर्डच्या घरमालक काकांनी जेवढा वेळ घालवला, तेवढा एखाद्या भक्ताने जपात घालवला असता, तर देवाला नाइलाजाने प्रकट व्हावं लागलं असतं. नव्या शतकाच्या पहिल्याच वर्षांत मी नोकरीसाठी नागपूरहून इंग्लंडला आलो आणि त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहिलो. हीटिंग कसं लावायचं हे सांगण्याआधी काकांनी मला सतराव्या शतकातल्या इंग्रज नास्तिकांची साद्यंत माहिती दिली. रात्रभर कुडकुडलो, पण ज्ञानात भर पडली.

काका कौन्सिलमध्ये पार्किंगच्या तक्रारी बघत आणि फावल्या वेळात पीएचडी करत. तिला अठरा वर्षं झाली होती आणि तेवढ्यात दोन सुपरवायझर रिटायर झाले होते. विषय होता त्या काळी धर्मावर शंका घेणारे इंग्रज आणि त्यांना झोडपणारे पाद्री. पंचाईत अशी, की काकांच्या लाडक्या शंकेखोरांची चोपडी केव्हाच जाळून टाकलेली. पाद्र्यांनी खोडून काढण्यासाठी त्यातलं जे उतरवून घेतलं, तेवढंच उरलेलं. त्यामुळे आमचे हे कट्टर नास्तिक रोज संध्याकाळी पाद्र्यांची प्रवचनं वाचत बसत. "काय जपलंय बघ लेकांनी!" असं म्हणताना त्यांचे डोळे भरून येत.

घरात पाद्र्यांची गादी काकू चालवत. त्यांच्या गणपतीला भटजी नसत, पोथी त्या स्वतःच वाचत. प्राणप्रतिष्ठेला त्यांनी मूर्तीच्या छातीला हात लावला, की खुर्चीतून काका हात वर करत. "ऑब्जेक्शन! मातीत प्राण येतो, मग विसर्जनानंतर जातो कुठे? गार्डनमधल्या बादलीत?"

"अहो, तुमची पीएचडी जाते तिथेच," काकू मान वर न करता म्हणत आणि पुढचा मंत्र सुरू होई. काका मग 'पुराव्याची छाननी' म्हणून पाच मोदक खात. पहिल्या वर्षी मी शहाणपणा करून काकांना गप्प केलं, तर काकू माझ्यावरच डाफरल्या. "बोलू दे त्यांना. त्याशिवाय मला पुढे जाता येत नाही."

एकदा मी काकांना विचारलं, "प्रबंध राहिला तर?"

"राहिला तर राहिला रे. माझं जाळायला तरी कोण येणार? आपल्याला खोडून काढायलासुद्धा कुणीतरी लागतं." ते हसले, पण मला ते हसणं आवडलं नाही.

पुढे मी क्रॉयडनला राहायला गेलो. एका वर्षी मार्चमध्ये काका गेले, प्रबंध खोक्यांतच राहिला. त्या वर्षीही मी गणपतीला वॉटफर्डला गेलो. काकूंनी मूर्तीच्या छातीला हात लावला आणि थांबल्या. खुर्ची रिकामी होती. आम्ही सगळे पोथीकडे बघत राहिलो.

"ऑब्जेक्शन," काकू हळूच म्हणाल्या. "मातीत प्राण येतो, मग नंतर जातो कुठे?"

शब्द सगळे काकांचेच होते. उत्तर काकूंना इतकी वर्षं तोंडपाठ होतं. त्या दिवशी मात्र मूर्तीवरचा हात न काढता त्या कितीतरी वेळ तशाच बसून राहिल्या.