तुफान वेळेच्या आधी पोचतो

त्याला सगळे तुफान म्हणत. नाव त्याने स्वतःच ठेवून घेतलं होतं. वेगाचा नाद त्याला वडिलांची पावाची व्हॅन चालवताना लागला. पाव दुकानात गरम पोचत, फक्त चपटे. वडिलांनी हात जोडले तेव्हा तो मोटारींच्या रॅलीत उतरला आणि ओळीने तीनदा विजेता झाला. खडी असो की चिखल, गाडी पिटाळण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. फक्त पुढचं वळण डावीकडे की उजवीकडे, एवढं कोणीतरी सांगावं लागे.

ते सांगायचा त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. शेजारच्या सीटवर गचके खात तो वहीत टिपलेल्या वळणांची आगाऊ वर्दी देई आणि घड्याळ सांभाळी. तिसऱ्या विजयाच्या सत्कारात तुफानने हे यश 'एकट्याच्या मनगटाचं' असल्याचं जाहीर केलं. मेहुणा पहिल्याच रांगेत बसला होता.

"दाजी, मग मी काय करत होतो?"

"तू? वाचत होतास. वाचता काय कोणालाही येतं."

"मग कोणालाही घ्या," म्हणून मेहुणा निघून गेला.

"माफी मागून टाका," बायको म्हणाली. "जीभ झिजणार नाही."

"तीनदा विजेता आहे मी!"

"हो ना, म्हणून तर जड झालीय."

चौथ्या विजेतेपदासाठी तुफानने टायरवाल्याला शेजारी बसवलं. टायरवाला त्याचा निस्सीम भक्त. वळणं तो बिनचूक सांगे आणि प्रत्येक वळणानंतर "वा साहेब!" म्हणे. शेवटचा टप्पा संपला तेव्हा तुफान अर्ध्या मिनिटाने पुढे होता. आता साध्या रस्त्याने शेवटच्या चौकीवर हजेरी लावली की झालं. पण ती ठरल्या मिनिटालाच लावायची. रहदारीच्या रस्त्यावर कोणी सुसाट सुटू नये, म्हणून लवकर पोचणाऱ्याला मिनिटामागे मिनिटाचा दंड. तुफानला हा नियम माहीत नव्हता असं नाही, पण नियम हे मेहुण्याचं खातं होतं. चौकीच्या अलीकडे तो "थांबा दाजी" म्हणे, आणि तुफान त्याच्या नावाने बोटं मोडत थांबे.

या वेळी तुफान थेट चौकीत घुसला.

"एक मिनिट लवकर आलात," पंच म्हणाला.

"मग शाबासकी द्या की!"

पंचाने दंड दिला. चषक दुसऱ्याकडे गेला.

"तुला घड्याळ दिसत नव्हतं का रे?" तुफान टायरवाल्यावर कडाडला.

"दिसत होतं ना साहेब. पण तुम्हाला थांबा म्हणणारा मी कोण?"

असा सहकारी मिळायला भाग्य लागतं. तुफान गाडी वळवून थेट मेहुण्याच्या दारात गेला. मेहुणा पंखा दुरुस्त करत होता. त्याने मान वर केली नाही.

"हरलो."

"कळलं."

"पुढच्या वर्षी तू..."

"त्याच्या आधीचं काहीतरी राहिलंय, दाजी."

तुफान उंबऱ्यात बराच वेळ घुटमळला. इतक्या सावकाश तो आयुष्यात कुठेच पोचला नव्हता. शेवटी पुटपुटला, "चुकलं माझं."

"ऐकू नाही आलं."

"चुकलं माझं!" शेजारच्या खिडक्या उघडल्या.

मेहुण्याने पंखा बाजूला ठेवला आणि खुर्ची पुढे सरकवली.

पुढच्या वर्षी चौथं विजेतेपद आलं. माफी मागायला मोठं मन लागतं आणि ते उपजतच असावं लागतं, असं तुफान हल्ली नव्या चालकांना व्याख्यानातून सांगतो.