बोईच्या पोटातलं औषध

गेली सहा वर्षं मी सभांमधून एक गोष्ट सांगत फिरते आहे, आणि ती सांगताना दर वेळी खोटं बोलत आले.

गोष्ट साधी आहे. खाडीकाठच्या एका गावात एक मासेमार होता. ओहोटी लागली की किनाऱ्यावरच्या त्याच्या जाळ्यात अडकलेले मासे कोल्हे खाऊन जायचे, वर जाळंही फाडायचे. वैतागून त्याने माशांत विष भरलं आणि ते मासे चिखलात ठेवले. दोन कोल्हे मेले. तिसऱ्या दिवशी त्याचा स्वतःचा कुत्राही तडफडून मेला. इथे मी जरा थांबते. कुत्र्यापाशी लोक हळहळतात. कोल्ह्यासाठी हळहळणारी माणसं मला खडवलीत भेटली नाहीत, आंबिवलीत नाहीत, आणि मी राहते त्या डोंबिवलीत तर नाहीतच. तेव्हा आधी कुत्रा आणि मग मुद्दा. कोल्हा उंदीर खातो, मेलेलं खाऊन काठ साफ ठेवतो. त्याला मारून तुमचा प्रश्न सुटत नाही, खुराडं नीट झाका, कोंबडीची आतडी उघड्यावर टाकू नका, तो आपोआप लांब राहील.

मी शाळेत विज्ञान शिकवते. आमचा पाचसहा जणांचा गट आहे. कुठे बिबट्या दिसला, कोल्हा शिरला, की लोक पिंजरा नाहीतर बंदूक नाहीतर विष मागतात, आणि आम्ही तिथे जाऊन नको म्हणतो. माझ्या पाठीमागे मला कोल्हेबाई म्हणतात. समोर म्हटलं तरी माझी हरकत नाही.

खोटं एवढंच, की ते ‘एक गाव’ म्हणजे ठाण्यातल्या कोपरीच्या बाजूचा आमचा खाडीकाठ, आणि तो ‘एक मासेमार’ म्हणजे माझे वडील. अजूनही एक खोटं होतं, पण ते मी स्वतःशीसुद्धा कबूल करत नव्हते.

मी नऊ वर्षांची होते. मे महिन्याची दुपार होती. आई मासे घेऊन बाजारात गेलेली. बाबा मागच्या अंगणात पाटीभर बोई मासे घेऊन बसले होते. बोईचं तोंड अगदी लहान असतं आणि बाबांचा अंगठा जाळं ओढून ओढून जाड झालेला. तो आत जाईना. त्यांनी मला हाक मारली. मी माझ्या दोन बोटांनी एकेका माशाचा जबडा फाकवून धरला आणि बाबांनी काडीने शेतीच्या औषधात कालवलेलं पीठ आत लोटलं. काम झाल्यावर त्यांनी राखेने माझे हात तीनदा धुतले. आईला यातलं काही सांगायचं नाही, असं त्यांनी बजावलं नव्हतं. तरी मी सांगितलं नाही.

मागच्या थंडीत आमच्या त्याच गावात माझ्या चुलतभावाच्या चार बदकांचा एका पहाटेत फडशा पडला. कोल्हा पिसाळलेला आहे अशी आवई उठली. बघणारा कुणी नव्हता, पण सांगणारे पुष्कळ होते. चुलतभावाने औषधाची बाटली आणली. कोंबडीच्या आतड्यांत घालून खारफुटीत ठेवायची, असं ठरत आलं होतं. रविवारी देवळासमोर गावकीची सभा बसणार होती, वनखात्याचा एक अधिकारीही येणार होता. गटातल्यांनी मला बोलायला सांगितलं. मी म्हटलं, आमच्याकडे सासरी गेलेली लेक गावकीत तोंड उघडत नाही. तसा रिवाज होता खरा, आणि तो मी एरवी कधीच पाळला नसता. खरं कारण पहिल्या रांगेत बसणार होतं. बाबा आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, सभा चुकवत नाहीत.

शेवटी गेले. न जाणं म्हणजे बाटली उघडू देणं होतं. बाकीच्या गावांत मी ताठ मानेने उपदेश करायचा आणि आपल्याच गावात मूग गिळून बसायचं, याची मला लाज वाटली. बाबांना ही गोष्ट मी सांगत फिरते हे ठाऊक नाही, अशी माझी समजूत होती. नाव न घेता उरकून टाकू, असं मनाशी ठरवलं.

सभेत आधी चुलतभाऊ बोलला. ‘‘आज बदकं नेली, उद्या पोरगं नेईल. तेव्हा ही डोंबिवलीची बाई येणारे का?’’ लोक हसले. मग मी उभी राहिले. ‘‘खाडीकाठच्या एका गावात,’’ मी सुरुवात केली, आणि बाबांकडे न बघता बोलत गेले. जाळं, चिखल, विष. ‘‘दोन कोल्हे मेले,’’ मी म्हणाले.

‘‘तीन.’’

बाबा चुलतभावाच्या खांद्यावर हात टेकवून उठत होते.

‘‘दोन नाय, तीन,’’ ते म्हणाले. ‘‘गाव याच आपला. तो मानूस मी.’’

बाबा शांतपणे सांगत होते. दोन कोल्हे चिखलात पडलेले सगळ्यांनी पाहिले होते. तिसरी त्यांनाच दिसली, चार दिवसांनी, खारफुटीच्या आत. दुधावर आलेली मादी होती. जवळच बिळात पिल्लं केकाटत होती. बाबांनी त्यांच्यासाठी दोन दिवस मासे नेऊन टाकले. पिल्लांचे डोळेही नीट उघडले नव्हते, ती मासे कसली खातात. तिसऱ्या दिवशी बिळात आवाज नव्हता.

‘‘त्या बाजूला मी परत जालं लावलं नाय,’’ ते म्हणाले, आणि खाली बसायला लागले.

ती बाजू मला माहीत होती. तिथे भरपूर मासे मिळत, आणि तरी बाबांनी ती सोडली. कारखान्यांचं पाणी येतं म्हणून सोडली, असं आई सांगायची, आणि मीही तेच धरून चालले होते. तिसाहून जास्त वर्षं हा माणूस ते बीळ मनात घेऊन वावरत होता, आणि मी गावोगाव त्याची अर्धवट गोष्ट सांगून टाळ्या घेत होते.

वनखात्याचा अधिकारी वहीत लिहीत होता. त्याने मान वर न करता सहज विचारलं, ‘‘काका, तेव्हा तुमच्याबरोबर अजून कोण होतं?’’

मी तोंड उघडलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्याआधी उत्तर दिलं. ‘‘कोन नाय. बायको बाजारात, पोर शाळंत.’’

मे महिन्यात कसली शाळा. पण मी खाली बसले.

सभेत पुढे फार वाद झाला नाही. एका म्हाताऱ्याने ‘विख नको’ म्हटलं, दोघातिघांनी माना हलवल्या, चुलतभाऊ जमिनीकडे बघत राहिला. खुराड्यांना जाळी बसवायची आणि आतडी खाडीवर टाकायची नाहीत, एवढं ठरलं. त्या बाटलीचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. अजून तरी चिखलात काही मेलेलं सापडलेलं नाही.

घरी आल्यावर मी चहा टाकला. बाबा ओट्यावर बसले होते.

‘‘मी शाळेत नव्हते, बाबा,’’ मी म्हणाले.

‘‘मना ठाव हाय.’’

‘‘मग तसं का सांगितलंत?’’

‘‘तो लिवत व्हता ना, बाय.’’ त्यांनी कप हातात घेतला. ‘‘आनि बोलावली कोनी तुला? मीच ना.’’

मी सभांमध्ये ही गोष्ट सांगते हे त्यांनी वर्षापूर्वीच माझ्या वहिनीच्या मोबाइलवर पाहिलं होतं. तेव्हापासून ते वाट बघत होते. मी त्यांचं नाव कधी घेते, याची.

त्यानंतर महिन्याभराने आंबिवलीत बोलायचं होतं. एका सोसायटीचं पटांगण, पन्नासेक माणसं. मी ‘एका गावात’ म्हटलं नाही. माझे वडील, म्हटलं. कोल्हे तीन मेले आणि बिळातली पिल्लंही, म्हटलं. कुत्र्याचा विषय काढलाच नाही. आणि माशांची तोंडं मी धरली होती, तेही सांगितलं. बाबांनी माझ्यापुढे धरलेला तो शाळेचा आडोसा मी असा बाजूला केला, याचं मला अजून वाईट वाटतं.

मागून एक बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, ‘‘अहो, तुम्ही लहान होतात. तुम्हाला काय कळणार, ते कशासाठी आहे?’’

तिथे ‘हो’ म्हणून मोकळं होता आलं असतं. पण त्या दुपारी मी बाबांना विचारलं होतं. हे कुणासाठी, म्हणून. कोल्ह्यांसाठी, ते म्हणाले होते.

‘‘मला माहीत होतं,’’ मी त्या बाईंना सांगितलं. ‘‘आणि मी पाटीतून दुसरी बोई उचलली.’’