काळ्या स्पंजातल्या चिपा

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आम्ही सिंदी मेघेला भाड्यानं राहायचो आणि मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. शिकवायचो कसला, मिरवायचो. बायकोचा धाकटा भाऊ नागपूरला कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. त्यानं जुनेपाने भाग जमवून ताईसाठी एक मशीन जुळवून आमच्या घरी आणून ठेवलं होतं. टायपिंगच्या परीक्षा पास होऊनही ती आठ वर्षं पोळ्या लाटत होती. आता घरबसल्या कॉलेजवाल्यांचे प्रबंध टाइप करून द्यायचे, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. फक्त मेमरीच्या चिपा तेवढ्या मिळायच्या होत्या.

मिळाल्या तेव्हा तो धावतपळतच आला. काळ्या स्पंजात खोचलेल्या चिपांचं पाकीट माझ्याकडे देऊन म्हणाला, "भाऊजी, मले लगेच परत जा लागते, तुमीच बसवजा. सुती कपडे घालजा, सेटर नको. अनवाणी बसजा. चिप स्पंजातून काढाच्या आधी दर वेळी मशीनच्या डब्याच्या पत्र्याले हात लावजा. आंगातली वीज उतरून जाते."

मी हसलो. "अरे, कंगवा घासून कागदाचे कपटे उचलून दाखवतो मी पोराइले. मलेच शिकवून राह्यला काय?"

रविवारी सकाळी कडाक्याची थंडी होती. मी नायलॉनचा स्वेटर चढवला. चिपा स्पंजातून काढून थर्माकोलच्या तुकड्यावर ओळीनं टोचून ठेवल्या, कारण तशा त्या झोकात दिसत होत्या. तिसरी उचलताना बोटाशी चट्‌ झालं. त्याच क्षणी मला कळलं, अंगातली वीज चिपेत उतरली. तरी सगळ्या चिपा बसवल्या आणि बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. बायको हळदकुंकवाची वाटी घेऊन उभी होती, ती वाटी घेऊन परत आत गेली.

पुढच्या आठवड्यात मेहुणा आला. तपासून म्हणाला, "चिपा मेल्या. कोणं कोणं हात लावलता?"

"तुझ्या ताईनं पाकीट उचलून कपाटात ठेवलं होतं," मी म्हणालो. "अंगावर नायलॉनची साडी होती तिच्या."

यातला शब्दन्‌शब्द खरा होता. स्पंजातल्या चिपांना त्यानं काही होत नाही, हे मला ठाऊक होतं आणि त्यालाही. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. जावयाला तो काय बोलणार! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बायको रडवेली झाली. "हो रे, मीच उचललतं. मले मालूम नोतं. आता कशी वागू, सांग."

त्यानं तिलाही तेच सगळं सांगितलं. महिन्याभरानं दुसऱ्या चिपा आणून त्यानं स्वतः बसवल्या. मशीन सुरू झालं, तिची कामंही सुरू झाली. कामाला बसण्याआधी ती रोज सुती साडी नेसायची, स्वेटर काढून ठेवायची, गार फरशीवर अनवाणी पाय टेकवायची आणि डब्याच्या पत्र्याला हात लावायची. थंडीत तिचे पाय फुटून रक्त यायचं. मशीनचं झाकण बंद असताना यातलं काहीच लागत नाही, एवढं सांगायला माझं विज्ञान पुरेसं होतं. पण सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, "मग तेव्हा पाकिटात बंद असून काऊन जळल्या?"

मी तिला पायाला लावायला व्हॅसलिन आणून दिलं.