यूसुफ होडेकरांची न गेलेली पेटी

"उघडणार कोण, ते आधी सांगा."

सव्वीस वर्षं हे वाक्य यूसुफ होडेकरांच्या तोंडी होतं. कुवेतमधल्या शुवैखच्या गाळ्यात पेटी बनवून घ्यायला कुणीही येवो, लांबी-रुंदी विचारण्याआधी यूसुफभाई हेच विचारायचे. गिऱ्हाईक गोंधळायचं. म्हणायचं, माल अमुक आहे, वजन तमुक आहे, जहाज परवा सुटतंय. यूसुफभाई कानावरची पेन्सिल काढायचे, तिच्यावर फुंकर मारायचे आणि पुन्हा तेच विचारायचे. कारखान्यातले लोक उघडणार असतील तर लांब खिळा, कारण त्यांच्याकडे पहार असते. दुकानदार उघडणार असेल तर स्क्रू. आणि एखादी बाई एकटी उघडणार असेल तर बिजागरी आणि दोरीचा फास, म्हणजे तिचं नखसुद्धा मोडू नये.

माणूस कोकणातल्या साखरी नाट्याचा. वडील, आजोबा, पणजोबा, सगळे होड्या बांधणारे. तोच हात वाळवंटात आला, आणि इथं होडी बांध म्हणून कुणी सांगेना, तेव्हा पेट्या बांधू लागला. पण होडीची सवय जाते कुठे? यूसुफभाईंच्या पेटीत फट म्हणून सापडायची नाही. दूध ओतलं तरी थेंब गळणार नाही, असं गाळ्याचा मुदीर, म्हणजे तिथला साहेब, प्रत्येकाला सांगायचा. एकदा एका गिऱ्हाइकाने खरंच दूध ओतून पाहिलं. नाही गळलं. ते बाहेर कसं काढायचं, याचा मात्र संध्याकाळपर्यंत विचार चालला होता.

रुमैथियात राहणारे मोरेश्वरराव बँकेत हिशेब बघायचे आणि सुट्टीच्या दिवशी ओंजळ मंडळ चालवायचे. मंडळ म्हणजे तेरा मराठी कुटुंबं, एक बॅनर आणि एक कात्री. कात्री फीत कापायची. मोरेश्वररावांच्या पत्नी विजयाताई यांच्या घरी अचिएंग नावाची केनियाची बाई कामाला होती. त्यांची मुलगी उर्वी तिच्याच खांद्यावर वाढली. अचिएंगची आई आणि दोन भाऊ गावाकडे मक्याची शेती करत. घर गवताने शाकारलेलं. गेल्या पावसात छप्पर कुजलं, आत साठवलेलं बियाणं भिजलं आणि कणगीतच त्याला कोंब फुटले.

मंडळाने मदत करायचं ठरवलं. अचिएंग म्हणाली, "जे काय द्याल ते आईच्या फोनवर पाठवा. तिकडे फोनवरच पैसे येतात. ती बघेल काय घ्यायचं ते."

"रोख?" मोरेश्वररावांनी चष्मा काढला. "रोख दिल्यावर मग आपण काय केलं?"

म्हणून सामान गोळा झालं. तेरा घरांनी तेरा कपाटं उपसली. थंडीचे कोट निघाले, काठ उडालेल्या बशा निघाल्या, विजेची इस्त्री निघाली, सातवीची मार्गदर्शकं निघाली. एका घरातून चालण्याचं यंत्र आलं, त्याच जागी पाय हलवत तासभर चालायचं ते. हे सगळं घेऊन मोरेश्वरराव शुवैखला आले.

"उघडणार कोण?" यूसुफभाईंनी विचारलं.

"माझी आई," अचिएंग म्हणाली. ती सोबत आली होती. "ती आणि तिचं कुदळ धरणारं मनगट."

यूसुफभाईंनी यंत्राकडे बघितलं. "तुझी आई चालत नाय काय?"

"पाणी आणायला रोज दोन तास चालते, बाबा."

यूसुफभाईंनी कानावरची पेन्सिल काढली आणि माप घेतलं. पेटी बांधणाऱ्याने आतल्या मालाविषयी बोलू नये, ही त्यांच्या धंद्याची रीत. मात्र पेटी त्यांनी अशी बांधली की मुदीर दोनदा तिच्याभोवती फिरला. बिजागरी घातली, दोरीचा फास घातला, फळीत फळी अशी बसवली की वडिलांनी पाहिलं असतं तर मान हलवली असती. सप्टेंबरात पेटी गेली, डिसेंबरात पोचली. भाडं सामानाच्या किमतीहून जास्त झालं, पण पाठवणीचा फोटो छान आला.

जानेवारीच्या शेवटी आईने बोलून पाठवलेला निरोप फोनवर आला. अचिएंगने तो मंडळापुढे लावला आणि वाक्यागणिक अर्थ सांगत गेली. आई म्हणत होती, पेटी फार सुरेख आहे. अशी वस्तू पंचक्रोशीत नाही. पाऊस आला की घरात गळतं, पेटीत गळत नाही, म्हणून पाऊस आला की मी पेटीत जाऊन बसते. शेजारणीही येतात, पण एका वेळी दोघीच मावतो. बाकी, पेटीत कुणाचं तरी सामान राहून गेलं आहे. विसरलं असेल तर कळवा, परत पाठवायची सोय बघते. यंत्रावर सध्या कोंबड्या बसतात.

मग मोरेश्वरराव उठले.

"म्हणजे गरज पेटीची आहे!" ते म्हणाले. "आपलंच चुकलं. घरात माणसं तीन, पेटी एक, तीसुद्धा सामानाची."

दहाएक दिवसांनी ते कागद घेऊन शुवैखला हजर. तीन रिकाम्या पेट्या. माणशी एक. बसायला आत फळी, उजेडाला खिडकी, वर ओंजळ मंडळाचं नाव. भाड्यासकट तीनशे दहा दिनार मंजूर झाले होते.

यूसुफभाईंचे डोळे चमकले, हे खोटं कशाला सांगा? आताशा पुठ्ठ्याची आणि प्लास्टिकची खोकी आली होती. मुदीर सकाळीच म्हणाला होता, लाकडाचं काम आलं नाही तर तुमचा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, पुढे नेता येणार नाही. आणि खिडकीवाली पेटी! खिडकीला झडप लावावी, पाणी बाहेर ओघळेल असा उतार द्यावा, तळाला थोडा कणा काढावा. कागदावर पेन्सिल फिरता फिरता पेटीला होडीच्या टोकाची नाळ फुटली, कडेची वरवंडी फुटली. बघता बघता तीन होड्या उभ्या राहिल्या.

मग सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "उघडणार कोण?"

अचिएंग दारापाशी उभी होती. "आई. पण कधी, ते विचारा."

"कधी?"

"आज फेब्रुवारीची दहा. पेटी पोचेल मेमध्ये. पेरणीचा पाऊस मार्चच्या मध्यावर येतो. तोवर छप्पर नाही झालं, बी नाही मिळालं, तर आई आणि भाऊ वर्षभर तुमच्या तीन पेट्यांत बसून राहतील. दुसरं काम काय असणार त्यांना?"

यूसुफभाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "पोरी, आईला हवंय काय?"

"बावीस पत्रे. बियाणं. नांगरायला शेजाऱ्याचे बैल दोन दिवस. आणि उरलेल्यात काय घ्यायचं ते तिचं तिला माहीत. मी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, बाबा."

"किती लागतील?"

"तीनशे दिनारांत सगळं होतं."

यूसुफभाईंनी आपल्या तीन होड्यांकडे पाहिलं. मग कागदाची घडी केली, आणखी एक घडी केली आणि हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली.

"साहेब," ते म्हणाले, "मी पेट्या बांधत नाय."

"का? पैसे कमी वाटतायत?"

"पैसे बरोबर हायत. जायचे त्या घरी जात नायत, इतकंच. ते तिच्या आईच्या फोनवर पाठवा."

"अहो, पण फोटो?" मोरेश्वररावांनी पुन्हा चष्मा काढला. "फोनवर गेलेल्या पैशासोबत आम्ही तेरा कुटुंबांनी उभं कुठं राहायचं? फीत कशाला बांधायची?"

यूसुफभाईंनी विचार केला. प्रश्न अगदीच गैरवाजवी नव्हता.

"फोटोपुरती पेटी मी देतो," ते म्हणाले. "उरल्यासुरल्या फळ्यांची. फुकट. आत काय नाय हे तुम्ही आम्ही जाणतो, फोटो जाणत नाय."

विजयाताईही सोबत आल्या होत्या. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "चला हो, सुटलं कोडं! आणि बॅनर उलटा लावू नका या वेळी."

शुक्रवारी गाळ्यासमोर मंडळ जमलं. उरल्यासुरल्या फळ्यांची म्हणून बांधलेली पेटीसुद्धा अशी देखणी झाली होती की मुदीर तिच्याभोवती तीनदा फिरला. लाल फीत बांधली. अचिएंगने विजयाताईंच्या शेजारी उभं राहून पैसे पाठवले. मोरेश्वररावांनी कात्री उघडली, हसू आणलं, आणि तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून आई ओरडत होती. मागे भाऊ ओरडत होते. पैसे आले होते.

"थांब म्हणावं!" मोरेश्वरराव म्हणाले. "अजून फीत कापली नाही!"

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पत्रे चढले. बी आलं, बैल येऊन गेले, आणि पाऊस आला तेव्हा पेरणी होऊन चार दिवस झाले होते. आईने निरोप पाठवला की पत्र्यावर पावसाचा फार आवाज होतो, रेडिओ ऐकू येत नाही, पण तक्रार नाही. ती आता पेटीत बसत नाही. पेटीत पुढच्या वर्षासाठी बाजूला काढलेलं बियाणं ठेवलं आहे. उरलेल्या पैशात दोन शेळ्या घेतल्या आणि एक कुलूप.

"कुलूप?" यूसुफभाईंनी विचारलं.

"पेटीला," अचिएंग म्हणाली. "किल्ली तिच्या गळ्यात असते."

यूसुफभाई इतके हसले की त्यांना स्टुलावर बसावं लागलं. चहा मागवला, तो थंड झाला, तरी मधूनच म्हणत होते, "किल्ली गळ्यात! वा, उघडणारी!"

ती रिकामी पेटी मात्र कुवेत सोडून कुठेच गेली नाही. मोरेश्वररावांनी मंडळाच्या नियमांत पैसे थेट पाठवणं लिहून टाकलं, आणि पेटी फोटोला ठेवली. मग दुसऱ्या मंडळांनी मागून नेली. मल्याळींकडे गेली, तेलुगूंकडे गेली, दस्मानच्या एका सभागृहात तिला पायघड्याही घातल्या. वर्षभरात तिच्यासमोर एकोणीस फिती कापल्या गेल्या. खऱ्या पेट्यांचं काम मात्र गाळ्यात आलंच नाही, आणि यूसुफभाईंचा इकामा संपला.

गावी परत निघायच्या दिवशी मंडळ निरोप द्यायला आलं. अर्थात पेटीसकट. विजयाताईंनी हातात पाकीट ठेवलं. मोरेश्वरराव कुजबुजले, "विजया, यात ते नक्की काय घेणार, विचारलं होतंस का?"

"नाही," विजयाताई म्हणाल्या.

यूसुफभाईंनी पाकीट न उघडता खिशात घातलं. फीत बांधलेल्या पेटीकडे गेले, खाली वाकून एक सैल झालेला स्क्रू दोन आटे पिळला, तळहात फळीवरून एकदा सरकवला. मग हत्यारांची पिशवी उचलली आणि शुवैखच्या रस्त्याने, ट्रकच्या रांगेच्या कडेकडेने चालू लागले. फोटोसाठी थांबायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मोरेश्वरराव उघड्या कात्रीनिशी बघत राहिले. अचिएंग पेटीवर चढून उभी राहिली, म्हणजे ट्रकच्या वरून ते दूरपर्यंत दिसावेत. पेटी जराही करकरली नाही.