वगदीच्या कॅसेटी आणि इन्शिराहचं नीश

"काढ म्हणते ना! गुरुवारच्या आत काढ, नाहीतर मीच टोपलीत भरून बाल्कनीतून खाली सोडीन!"

"सोड की. खाली भंगारवाला उभाच असेल. तुलाही त्याच टोपलीत बसवतो, एकदमच सौदा होऊन जाईल."

"वगदी, थट्टा नको. नीश माझं आहे. माझ्या बापानं रुखवतात दिलंय."

"मी कुठे म्हणतो माझं आहे म्हणून?"

"तू म्हणत नाहीस, तुझी ती प्लास्टिकची पिलावळ म्हणते! लग्न होऊन आले, माझी भांडी नीशमध्ये महिनाभरसुद्धा राहिली नाहीत. तेव्हापासून पलंगाखाली पडलीयेत, कैद्यासारखी."

वगदी नीशपुढे हात पसरून उभा होता, जणू इन्शिराह आत्ताच काच फोडणार होती. ती फोडणार नव्हती. पण ती जे म्हणत होती त्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि वगदीला तेच झोंबत होतं.

पोर्ट सैदच्या कुठल्याही घरात जा, बैठकीच्या भिंतीला नीश असतंच. काचेच्या दारांचं, सोनेरी नक्षीचं उंच कपाट. नवरीबरोबर येतं. आत सोनेरी काठाची चिनी मातीची भांडी असतात, त्यांतून कुणी कधी चहा प्यायलेलं नसतं. ती वापरायची नसतात, पाहुण्यांना दिसायची असतात. वगदीच्या घरी मात्र नीशमध्ये दिसायच्या त्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी. पिवळ्या, लाल, राखाडी, काळ्या. प्रत्येकीच्या पाठीवर चित्र, आणि प्रत्येक रांगेच्या टोकाला तांदळाची इवलीशी पुरचुंडी, दमट हवा शोषायला.

कारण या गावची हवा म्हणजे हवेत मिसळलेलं मीठच. खिडकीच्या कड्या खाते, सायकली खाते, कॅसेटच्या पोटातली तांब्याची पट्टी तर चाटूनपुसून खाते. दमियातच्या सुतारांनी घट्ट बसवलेल्या काचेच्या दारांआड तेवढी ती जाऊ शकत नाही. वगदीनं घरातल्या सगळ्या जागा करून पाहिल्या होत्या. माळ्यावर एक पावसाळी आठवडा काढला, तर बारा कॅसेटी हिरव्या पडल्या. नीशबाहेर त्या जगणार नाहीत, हे त्याला ठाऊक होतं.

"गुरुवारी फक्त," इन्शिराहचा आवाज एकदम खाली आला. "शुरूकच्या सासरचे येतायत, वगदी. फातिहा वाचून सोयरीक पक्की करायची आहे. मुलाचा बाप दमियातचा सुतार. तो आत पाऊल टाकल्यावर पहिल्यांदा माणसं बघेल की नीश?"

"नीश."

"आणि नीशमध्ये काय बघेल? पोरांची खेळणी!"

वगदीनं हात खाली केले. पोरीचं नाव आलं की तो कायमच हरायचा.

तसा हा माणूस हरण्यातला नव्हता. पोर्ट सैद आणि पोर्ट फुआदच्या मधल्या फेरीबोटीवर तो दोर टाकायचं काम करी. बोट धक्क्याला लागली की फास असा फेकायचा की खुंटाच्या गळ्यात पडलाच पाहिजे. येणारेजाणारे त्याला ओळखत, आणि कुणाच्या घरी जुनं खोकं उघडलं की कॅसेट घेऊन थेट बोटीवर येत. "वगदी, ही बघ, माझ्या मामाची!" मग धक्क्यापासून धक्क्यापर्यंत घासाघीस चाले. पैशांची नव्हे. वगदीनं उभ्या आयुष्यात एकही कॅसेट पैसे देऊन घेतली नव्हती. मासे देई, दुरुस्त केलेला पंखा देई, एकदा तर एका डॉक्टरीणबाईला शुरूकच्या मापाचा नवा कोरा कोट देऊन आला होता आणि घरी आठ दिवस अबोला सोसला होता.

ही रीत बापाची. बाप, फरगली, बंबूती होता. कालव्यात जहाजं नांगर टाकून थांबली की हे बंबूती होड्या वल्हवत त्यांच्या पोटाला जाऊन भिडत, आणि खालून वर दोरानं माल चढवत. वरून खलाशी काय देतील ते घेत. चामड्याच्या पिशवीला साबण, पितळी थाळीला रेडिओ. फरगली म्हणे, "पैसे दिले की वस्तू दुकानाची राहते. बदल्यात दिलं की माणसाची होते. आणि समोरच्यानं सौदा सांगितला की तो निदान ऐकून तरी घ्यायचा. न ऐकता पाठ फिरवली तर तो बंबूती कसला!"

बुधवारी वगदीनं कॅसेटी काढल्या. एकेक पुसून, जुन्या टॉवेलात गुंडाळून खोक्यांत भरल्या आणि खोकी पलंगाखाली सारली. पलंगाखालून इन्शिराहची भांडी बाहेर आली. आणि तिथेच घोटाळा झाला. वगदीनं पूर्वी मधल्या दोन काचेच्या फळ्या काढून तिथे चार लाकडी बसवल्या होत्या, कॅसेटीच्या उंचीच्या. आता चहाची किटली त्यात उभी राहीना.

"आडवी ठेव," वगदी म्हणाला.

"किटली आडवी? मेलीय का ती?"

"झोपलीय म्हण."

"वगदी!"

संध्याकाळपर्यंत त्यानं स्क्रू काढले, काचेच्या फळ्या शोधून बसवल्या. किटली उभी राहिली. फक्त आतल्या भिंतीवर स्क्रूंच्या भोकांच्या ओळीच्या ओळी उरल्या, बंदुकीच्या छर्ऱ्यांसारख्या. इन्शिराहनं त्यांच्यापुढे सगळ्यात मोठं ताट उभं केलं.

गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर मंडळी आली. हाजी बदरावी, अंगानं रुंद, बोटांच्या पेरांत कायमचं बसलेलं पॉलिश; त्यांची बायको हाज्जा दौलत, हातात केकचा खोका; आणि नवरदेव हातेम, ज्याच्या तोंडून "सलाम"शिवाय काही फुटेना. शुरूकनं सरबत आणलं. हाजींनी पेला उचलायच्या आधीच हात वर केला.

"आम्ही दमियातचे, कंजूष म्हणून तुम्ही पोटात हसत असाल ते आताच हसून घ्या. आमच्याकडे पाहुण्याला विचारतात ना, 'जेवणार की हलक्या पोटीच झोपणार?' तर मी आधीच सांगतो, मी जेवणार."

सगळे हसले. अवघडलेपण गेलं. हाज्जा दौलत मात्र उठून नीशपाशी गेल्या. इन्शिराह त्यांच्या मागोमाग.

"अगंबाई," हाज्जा म्हणाल्या, "बशांवर बागेत बसलेलं हेच जोडपं! हाच सोनेरी काठ! हा संच माझ्याकडेही आहे. माझ्या बहिणीकडेही. माझ्या दोन्ही जावांकडेही."

"हो का," इन्शिराह म्हणाली.

"सगळा दमियात इथूनच घेऊन जायचा तेव्हा. छान आहे हो. आहेच छान."

इन्शिराहचा चेहरा उतरला. वगदीला ते दिसलं, आणि नवल म्हणजे त्याला आनंद झाला नाही.

इतक्यात हाजी नीशपाशी पोचले होते. सुताराला ताटं दिसत नाहीत. त्यांनी मोठं ताट अलगद बाजूला सरकवलं आणि भोकांवरून अंगठा फिरवला.

"चार फळ्या होत्या इथे. लाकडी. आणि हे अंतर..." त्यांनी दोन बोटं ताणून मापून पाहिलं. "हे भांड्यांचं अंतर नाही. इथे काय राहत होतं, वगदी?"

वगदीनं इन्शिराहकडे पाहिलं. इन्शिराहनं छताकडे.

"बाबांच्या कॅसेटी," शुरूक म्हणून गेली. "अतारीच्या, टीव्हीवरच्या खेळांच्या."

"अतारीच्या? मग त्या कुठायत?"

पाच मिनिटांत खोकी बाहेर आली. हाजी मांडी घालून जमिनीवर बसले आणि टॉवेलाची एकेक घडी उलगडू लागले. तिसऱ्या खोक्यात तळाशी एक निळी कॅसेट होती, पाठीवर होडी, होडीत कंदील धरलेला म्हातारा कोळी, आणि भोवती जपानी अक्षरं. हाजींचा हात थांबला.

"ही? ही अस्सल?"

"माझी पहिली," वगदी म्हणाला.

"तरुणपणी मी इथे नीश पोचवायला यायचो. माल उतरवून धक्क्यावरच्या कॉफीच्या दुकानात बसायचो. तिथे हीच होती, पण नकली. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर कंदील न विझू देता होडी न्यायची. ट्रक घरी उशिरा जायचा आणि बाप मला पट्ट्यानं मारायचा." हाजींनी कॅसेट उजेडात धरली. "शेवटच्या बेटापर्यंत मी कधीच पोचलो नाही हो."

खेळ टीव्हीला जोडला गेला. ज्यांची फातिहा वाचायची ती दोन मुलं भिंतीला टेकून कुजबुजत राहिली. त्यांच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. हाजींची होडी तिसऱ्याच बेटावर बुडाली. "घरी पंखासुद्धा लावत नाहीत हे," हाज्जा दौलत म्हणाल्या, "आणि दुसऱ्याच्या विजेवर बघा कसे पोहतायत!"

"ही आली कशी तुमच्याकडे?" हाजींनी विचारलं.

"बापानं आणली," वगदीनं सुरुवात केली. "एक जपानी जहाज थांबलं होतं. बापानं उंटाच्या चामड्याची बैठक वर चढवली, आणि..."

"बैठक नव्हे," इन्शिराह म्हणाली.

"काय?"

"आंब्यांचं पोतं. इस्माइलियाचे आंबे. तुझ्या आईनं मला स्वतः सांगितलंय. बैठक त्या आधीच्या जहाजाला गेली होती." ती आता खुर्चीच्या काठावर आली होती. "आणि हाज्जा, पुढचं ऐका. घरात ही लावायचं यंत्रच नाही! तीन वर्षं हा नुसती कॅसेट घेऊन हिंडायचा. रोज तिच्यात फुंकर मारायचा, पुसायचा, परत ठेवायचा. सासूबाई म्हणायच्या, पोराला बाहेरची बाधा झाली. मग आमचं ठरलं तेव्हा हा माझ्या बापाच्या घरी आला. लोक सोनं आणतात. हा काखेत यंत्र घेऊन आला!"

"मग?"

"मग काय. पहिल्याच दिवशी मी याला हरवलं. माझ्या बापासमोर. पाचव्या बेटापर्यंत गेले मी."

"कंदील विझला होता तुझा," वगदी पुटपुटला.

"नव्हता विझला!"

हाज्जा दौलत डोळे पुसेपर्यंत हसल्या. "असलं काही आमच्या अख्ख्या दमियातमध्ये कुणाच्या घरात नाही हो," त्या म्हणाल्या, आणि इन्शिराहनं पदर सावरावा तसा डोक्यावरचा रुमाल नीट केला.

फातिहा वाचून झाली, केक कापला गेला, आणि निघताना दारात हाजींनी वगदीचा हात धरला.

"तू बंबूतीचा मुलगा. तेव्हा सौदा सांगतो, ऐक. मी माझ्या कारखान्यात तुला खास कॅसेटींचं कपाट करून देतो. बीचच्या पक्क्या लाकडाचं. दारं अशी की मिठाचा बापसुद्धा आत जाणार नाही. बाईंचं नीश बाईंना मोकळं. बदल्यात ती निळी मला दे. उद्या जुम्म्याच्या नमाजानंतर फोन कर, मी मापं घेतो."

सौदा रास्त होता. इतका रास्त की त्यात कुठे बोट ठेवावं कळेना. एक कॅसेट जाईल आणि बाकीच्या सगळ्या कायमच्या वाचतील. बायकोच्या मनासारखं होईल. बाप असता तर वल्ही टाकून म्हणाला असता, वेड्या, घे!

सकाळी तो उठला तेव्हा त्याचं ठरलं होतं. त्यानं निळी कॅसेट काढली, स्पिरिटच्या बोळ्यानं तिची पट्टी पुसली, सवयीनं एक फुंकर मारली आणि इस्त्रीच्या रुमालात बांधली. बैठकीत इन्शिराह नीशसमोर पाठमोरी उभी होती.

"ऐक गं, शुरूकच्या आई. मी हाजींना हो म्हणतो. नीश आजपासून तुझं. मनापासून."

"मला नको तुझं मनापासून."

"म्हणजे? पंचवीस वर्षं डोकं खाल्लंस..."

"खाल्लं. अजून खाईन. पण ती का द्यायची? त्या माणसाला तिसरं बेट पार करता येत नाही!"

"अगं, कपाट मिळतंय बदल्यात!"

"आणि ठेवणार कुठे ते कपाट? माझ्या डोक्यावर? या खोलीत आपण दोघं आडवे वळलो तर शेजारी तक्रार करतात." ती वळली. तिच्या हातात किटली होती. तिनं ती जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळली. मग साखरदाणी. मग बागेतलं जोडपं असलेल्या बशा, एकीवर एक, भराभर.

वगदी बघत राहिला. "हे काय करतेयस?"

"दिसत नाही? पाहुणे येऊन गेले. भांडी बघून झाली त्यांची. त्यांच्याकडेही तीच आहेत." शेवटची बशी खोक्यात गेली. तिनं टेबलावरचा स्क्रू-ड्रायव्हर उचलून त्याच्या पुढ्यात आपटला. "फळ्या तू काढल्यास, तूच लाव. आणि सरळ लाव, मागच्या वेळी तिसरी कलती होती."

वगदीनं रुमालाची गाठ सोडली, परत बांधली, परत सोडली. मोकळं नीश त्याच्यापुढे आ वासून उभं होतं. त्याला हसू फुटत होतं आणि तोंड मात्र त्यानं मोठ्या कष्टानं गंभीर ठेवलं होतं.

"पण इन्शिराह, नमाजानंतर फोन करायचाय. व्याही आहेत ते आता. काय सांगू मी त्यांना? तूच सांग, काय सांगू?"

"बंबूतीचा मुलगा तू. तूच बघ," म्हणत इन्शिराहनं बाजाराची पिशवी खांद्याला लावली, चपला पायात सरकवल्या आणि जिना उतरून मासळीबाजाराकडे निघून गेली.