प्रांजलचं वाकणं

तमाम नगरकरांना जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, सावेडीतल्या आमच्या बॉक्सिंग हॉलमधली दोरी गुरुवारी सकाळी साडेसहा वाजता, माझ्याच हाताने, उतरवण्यात आली. दुखवट्याला येऊ नये. चहा मिळणार नाही.

ही दोरी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, खांद्याच्या उंचीवर बांधलेली. मुलं तिच्याखालून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वाकत पुढे सरकतात. त्याने ‘डक’ अंगात मुरतो, म्हणजे गुडघ्यांत वाकून ठोसा डोक्यावरून जाऊ देणं. एकवीस वर्षं मी तो शिकवला. माझ्या प्रांजलसारखा दुसऱ्या कुठल्याच मुलीला-मुलाला जमला नाही. ठोसा यायचा आणि ती तिथे नसायचीच. मी खुर्ची ओढून नुसता बघत बसायचो.

पण तिच्या वजनगटात एक मुलगी अशी होती, की तिच्यापुढे प्रांजल कायम दुसरी. म्हणून तिने माझ्याकडेच किकबॉक्सिंग धरलं. यंदा राज्यस्पर्धेला निवड झाली नाही तर सराव बंद, असं वडिलांनी बजावलेलं. पंधरा दिवसांतच ते कोपरगावहून येऊन माझ्यापुढे उभे.

“सर, पोरगी लंगडती हाय. तुमी शिकवता का मोडता?”

दोष माझाच होता. बॉक्सर तिरका उभा राहतो, वजन पुढच्या पायावर. किकबॉक्सिंगमध्ये हे म्हणजे समोरच्याच्या लाथेला मांडी ताटात वाढून देणं. भार असलेला पाय लाथ चुकवायला उचलताच येत नाही. आणि वाकलात, तर तोंड थेट लाथेपुढे.

मग सगळं उसवायला घेतलं. छाती थोडी समोर, पुढचा पाय हलका, पाठ ताठ. लाथा मारायला मीच. माझी ट्रॅकपँट दोनदा फाटली. हॉलने आदराने दुसरीकडे पाहिलं. तरी ठोसा आला की ती वाकायचीच.

“प्रांजल, विसर ते.”

“तुम्हीच तर शिकवलंत, सर.”

“मग मीच सांगतोय ना!”

“तुम्हाला येतं का विसरता?”

मी पॅड उचलले. पण वॉर्म-अपला ती सवयीने दोरीखालून जायचीच. म्हणून ती दोरी गेली.

निकाल सांगून टाकतो. निवड चाचणीत प्रांजल जिंकली, राज्यस्पर्धेला गेली. वडिलांनी मला उसाच्या रसाची बाटली आणून दिली. मी धडा घेतला तो असा: शिकवलेलं काढून घेताना कोचने आधी स्वतःला तपासावं.

कारण त्या चाचणीत, तिसऱ्या राउंडला, समोरची मुलगी थकली. लाथा थांबल्या. तिने लांबून एक मोठा, सावकाश, गोलाकार ठोसा टाकला. वाकून चुकवायला इतका सोयीचा ठोसा मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. प्रांजल, मी सांगितलं होतं तशीच, ताठ उभी राहिली आणि तिने तो ग्लोव्ह्जवर घेतला. अगदी बरोबर. आणि कोपऱ्यातून, पंचांसकट सगळ्यांना ऐकू जाईल असा, मी ओरडलो,

“अगं, एकदा तरी वाक ना!”