आमच्या बालवाडीतले चायनीज सर

बालवाडीत नोकरी धरली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. घरी जाऊन पर्स उपडी केली की एक तुटका क्रेयॉन, कुणाचा तरी एकच सॉक्स आणि दोन-तीन किस्से आपोआप निघतात. क्रेयॉन आणि सॉक्स मी परत देते. किस्से ठेवून घेते. नांदेडच्या आमच्या शाळेत मी सीनियर केजीला आहे, म्हणजे पाच-सहा वर्षांची सगळी गँग माझ्याकडे. हे किस्से मात्र पोरांचे कमी आणि चायनीज सरांचे जास्त.

*

सुरुवात लातूरमुळे झाली. आमच्या प्रिन्सिपल मॅडम तिथली एक शाळा बघून आल्या. तिथं म्हणे नर्सरीतच पोरांना पांढरे कोट घालून 'भावी डॉक्टर' म्हणून फोटो काढतात! मॅडमना दोन दिवस जेवण गेलं नाही. "आपण काय वेगळं द्यायचं?" एवढंच घोकत होत्या.

तिसऱ्या दिवशी गजानन नावाचा एक तरुण भाचीच्या ॲडमिशनसाठी आला. फॉर्म भरता भरता मॅडमनी सहज विचारलं, "आपण काय करता?"

"चीनमध्ये होतो सहा वर्षं. डॉक्टरकी शिकायला."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "भाचीची ॲडमिशन झाली. तुम्ही कधी जॉइन होता?"

*

सिलॅबस वयाप्रमाणे ठरला. प्लेग्रुपला, म्हणजे दोन-अडीच वर्षांच्या पिल्लांना, नुसती गाणी. नर्सरीला रंग, ज्युनियरला आकडे, सीनियरला संभाषण. पोरं सरांना 'लाओशी' म्हणू लागली. तिकडच्या भाषेत गुरुजींना तसं म्हणतात.

महिन्याभरानं मॅडमनी प्रगती विचारली.

"चिनी भाषेत सगळा खेळ सुरांचा असतो मॅडम," सर म्हणाले. "चार सूर असतात. ते चारही सध्या फक्त प्लेग्रुपला जमतात."

"अरे वा! मला कधी ऐकवता?"

"सकाळी नऊला गेटवर या. आया सोडून गेल्या की लागतात!"

*

मग पालक-मेळावा आला. माझ्या वर्गातल्या दहा पोरांनी स्टेजवर जोड्या लावून चायनीज संभाषण केलं. काय तो कॉन्फिडन्स! सगळ्या आया मोबाइल वर धरून उभ्या. टाळ्या थांबल्यावर औशाहून आलेले एक आजोबा म्हणाले, "लई ब्येस. पर लेकरं म्हनली काय, ते तर सांगा."

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी चायनीज पुस्तकातून कमी आणि तिथल्या वॉर्डात पेशंटशी बोलून जास्त शिकलेलं. खोटं सुचेना, म्हणून खरं सांगून टाकलं.

"जीभ दाखवा. लांब श्वास घ्या. किती दिवसांपासून दुखतंय?" सरांनी माइक तोंडापासून जरा लांब धरला. "आणि... संडासला साफ होते का?"

मॅडमनी सरांच्या हातातून माइक घेतला. "आमच्याकडे लहानपणापासून हायजीनवर भर असतो!"

पहिल्यापेक्षा मोठ्या टाळ्या पडल्या.

*

त्या दिवशी डबा खाताना मी त्यांना विचारलंच, "अहो, डॉक्टर झालात तर दवाखाना सोडून इथं काय करून राहिलात?"

तेव्हा कळलं. बाहेर देशी शिकून आलेल्यांना इथली एक परीक्षा द्यावी लागते. ती पास होईपर्यंत साधी तापाची गोळीसुद्धा लिहून देता येत नाही. सर दोनदा नापास झाले होते.

पण खरी पंचाईत वेगळीच होती. सर चीनहून परतले त्याच दिवशी त्यांच्या वडिलांनी गावभर पेढे वाटले होते. अर्धापूरजवळचं गाव, केळीवाले शेतकरी. देवळात, विहारात, शाळेत, एसटीच्या कंडक्टरलासुद्धा! परीक्षेचं त्यांना नंतर कळलं. वाटलेले पेढे काही परत मागता येत नाहीत. तेव्हापासून गावाच्या लेखी गजानन नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात होता.

"ही तिसरी खेप," सर म्हणाले. "यंदा न्हाई झालं तर बाबा पारावर उभं राहून खरं सांगणार हायत. म्हनतेत, लोकांच्या रामरामाची लाज वाटती."

एरवी सरांची थट्टा मीच जास्त करते. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

*

जूनमध्ये सरांच्याच गावची सुरेखा मुलीला घेऊन शाळेत आली. सर वर्गात सशाचे कान लावून बेडूकउड्या मारत होते.

"अगं बाई, डॉक्टर! तुम्ही हितं?"

सरांनी जराही न गडबडता समोरच्या पोराचं मनगट हातात घेतलं. "चेकअपला आलोय. दर शनिवारी असतो."

झालं! तिची मुलगी आमच्याकडे आली. एरवी ती व्हॅननं यायची, शनिवारी मात्र सुरेखा स्वतः सोडायला यायची, आणि ती गेटवर दिसायच्या आत सर गळ्यात स्टेथोस्कोप अडकवायचे. पोरं रांगेत उभी राहायची, सर छाती ऐकायचे, मान हलवायचे. लिहून काहीच द्यायचे नाहीत. तिची मुलगी घरी चिनी गाणी म्हणायची, तर सुरेखा सगळ्यांना सांगायची, "लेकरांची सुईची भीती जावी म्हनून शिकवतेत डॉक्टर."

चौथ्या शनिवारी मॅडमनी नवीन माहितीपत्रक छापलं. त्यात होतं: 'दर आठवड्याला मोफत आरोग्य तपासणी!'

*

दुपारी प्लेग्रुप झोपवायचं काम सरांकडे असायचं. ते छोट्या खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन बसायचे आणि परीक्षेचा जाडजूड ग्रंथ मोठ्यानं वाचायचे. पोरं पाच मिनिटांत गाढ.

परीक्षेला सर दोन दिवस गेले, तेव्हा प्लेग्रुपनं डोळा मिटला नाही. मी अंगाई म्हटली, शाळेतल्या मावशींनी थोपटलं, काही उपयोग नाही. शेवटी मी सरांचं पुस्तक आणलं आणि यकृताच्या आजारांची यादी वाचायला घेतली.

तिसऱ्या आजाराला सगळी आडवी! मावशीसुद्धा.

*

निकाल लागला तेव्हा डब्याची वेळ होती. सरांनी मोबाइल बघितला, मग मला दाखवला, मग पुन्हा स्वतः बघितला. पास! मला रडूच आलं. त्यांनी तिथूनच वडिलांना फोन लावला आणि नकळत स्पीकर दाबला.

"बाबा, झालो पास."

पलीकडून आवाज आला, "लई बरं झालं लेका." मग लगेच, "पर आता पेढे कुनाला वाटू रं? गावाला तर वाटून बसलो की."

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला धोतर-टोपीतले एक म्हातारे गृहस्थ शाळेत आले. हातात पेढ्यांचे चार पुडे. सरांकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाले, "बाई, हितल्या लेकरांना दिले तर चालतील न्हवं?"

सगळी पोरं 'लाओशी, लाओशी' करत हॉलमध्ये येऊन बसली. म्हातारे एकेकाच्या तळहातावर पेढा ठेवत पुढे सरकत होते. प्रत्येकाच्या डोक्यावरून हात फिरवत होते. आमच्याकडे गोड येतं ते फक्त वाढदिवसाला, त्यामुळे माझ्या वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "आजोबा, बड्डे कुणाचा?"

त्यांनी भिंतीपाशी उभ्या असलेल्या आपल्या लेकाकडे बोट केलं. "ह्या लाओशीचा."

"कितवा?"

"पयला," म्हातारे म्हणाले, आणि पुढच्या पोराच्या हातावर पेढा ठेवला.